रब्बीचा मुलगा

दुर्खिम हे नाव आमच्या वर्गात तीन प्रकारे उच्चारले जाते. पुस्तकात डरखाइम, सरांच्या तोंडी दुर्खिम आणि मागच्या बाकावर ज्याला जसे सुचेल तसे. माणसे समाजाची नियमने का मोडतात, हा आमच्या पेपरातला ठरलेला प्रश्न. त्यासाठी आम्ही त्याने केलेले आत्महत्येचे प्रकार पाठ करतो, उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि मोकळे होतो. मीही तेच करणार होतो. पण ग्रंथालयात त्याचे चरित्र चाळताना पहिल्याच पानावर अडखळलो. हा माणूस धर्मगुरूच्या घरचा होता, आणि मी गुरवाच्या घरचा. म्हणून हा लेख.

एमिल दुर्खिम १५ एप्रिल १८५८ रोजी फ्रान्सच्या लॉरेन प्रांतातील एपिनाल या गावी जन्मला. वडील ज्यूंचे रब्बी, आजोबा रब्बी, पणजोबाही रब्बी. घरची परिस्थिती बेताची. आई भरतकामाचा व्यवसाय करून संसाराला हातभार लावी. धाकट्या एमिलनेही रब्बीच व्हायचे, हे जणू ठरलेले होते. त्याने लहानपणी हिब्रू आणि धर्मग्रंथांचे शिक्षणही घेतले. तो बारा वर्षांचा असताना, १८७० साली, फ्रान्स-प्रशिया युद्ध झाले. शत्रूचे सैन्य गावात आले. पराभवाचे खापर ज्यूंच्या डोक्यावर फोडले गेले, आणि हे त्या मुलाने जवळून पाहिले.

पुढे त्याने रब्बी होण्याचे नाकारले. पॅरिसच्या 'एकोल नॉर्मल' या नामांकित संस्थेची प्रवेशपरीक्षा तो दोनदा नापास झाला आणि तिसऱ्या खेपेला, १८७९ साली, पास झाला. (नापास होणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे!) पुढे समाजवादी पुढारी म्हणून गाजलेला जोरेस आणि तत्त्वज्ञ बर्गसाँ तेथे त्याच्या एक वर्ष पुढे होते. शेवटच्या परीक्षेत मात्र त्याचा क्रमांक अगदी तळाशी लागला. काही वर्षे शाळांतून तत्त्वज्ञान शिकवल्यावर १८८७ मध्ये तो बोर्दो विद्यापीठात लागला. समाजशास्त्र हा विषय फ्रान्सच्या विद्यापीठात शिरला तो याच दाराने. पंधरा वर्षांच्या मुक्कामात त्याने तीन मोठे ग्रंथ लिहिले: १८९३ मध्ये श्रमविभागणीवरचा, १८९५ मध्ये समाजशास्त्राच्या पद्धतीवरचा आणि १८९७ मध्ये आत्महत्येवरचा.

या तिन्हींच्या मुळाशी एकच हट्ट दिसतो. कोणी नियम मोडला की लोक त्याच्या रक्तात, स्वभावात किंवा संस्कारात खोट शोधतात. इटलीतील लोंब्रोसो तर त्या काळी गुन्हेगारांच्या कवट्या मोजत होता. दुर्खिमने नजर फिरवली. मोडणाऱ्याकडे पाहू नका, त्याला धरून ठेवणाऱ्या समाजाकडे पाहा, असे त्याचे सांगणे. गुन्हा नाही असा समाजच नाही. म्हणून गुन्हा हा आजार नसून समाजाच्या प्रकृतीचा भाग आहे, हे त्याने १८९५ मध्ये मांडले तेव्हा केवढा गहजब झाला! सगळे साधू एका मठात कोंडले तरी तेथे बारीकसारीक चूकही मोठा अपराध ठरेल, हा त्याचा दृष्टांत मला फार पटतो. आमच्या गावात पाहुण्यासमोर पायावर पाय टाकून बसणे हाही गुन्हाच आहे. सॉक्रेटिस अथेन्सच्या कायद्याने दोषी होता, पण उद्याची नीती त्याच्याच अपराधातून येणार होती, हे दुसरे उदाहरण त्याने दिले.

या मतावर तुटून पडला तो गाब्रिएल तार्द. तार्द तेव्हा न्यायखात्याच्या आकडेवारीचा प्रमुख होता. तरीही आत्महत्येच्या अभ्यासासाठी त्याने आपल्या खात्याची कागदपत्रे या विरोधकाला खुली केली. वाद करावा तर असा! सुमारे २६,००० नोंदींची वर्गवारी दुर्खिमचा भाचा मार्सेल मोस याने केली. त्यातून निघाले ते असे: बंध सैल झाले की माणूस एकटा पडतो, बंध फार घट्ट झाले की समूहासाठी जीव देतो (येथे आपल्याकडील सतीचा उल्लेख येतो), आणि तेजी-मंदीत जुने नियम कोसळून नवे रुजलेले नसले की माणसाच्या इच्छेला काठ उरत नाही. या शेवटच्या अवस्थेला त्याने 'अ‍ॅनॉमी' म्हटले. आपण प्रमाणकशून्यता म्हणतो.

येथे माझी अडचण सुरू होते. महादेवाच्या पूजेची पाळी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पहाटे बेल तोडणे, गाभारा धुणे, सांजेची दिवाबत्ती. मी थोरला नातू, म्हणून ते माझ्याकडे येणार होते. मी कॉलेजला आलो आणि पाळी चुलतभावाने धरली. आबा वर्षभर माझ्याशी मोजकेच बोलले. एकच घर, एकच गाव, मग त्याने नियम पाळला आणि मी कसा मोडला? दुर्खिम एकेका माणसाचा हिशेब देत नाही, तो दर सांगतो. अमेरिकेच्या रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये अ‍ॅनॉमीची कल्पना पुढे नेली: समाज ध्येय सर्वांपुढे ठेवतो, पण तिथवर जायची वाट सर्वांना देत नाही, म्हणून कोणी आडवाट धरतो, कोणी ध्येय सोडून नुसता रिवाज पाळत बसतो, कोणी दोन्ही सोडून देतो, तर कोणी बंड करतो.

मला यात आणखी एक गोष्ट दिसते. दहावीच्या निकालानंतर मला शाल-नारळ दिला तो गावानेच, आणि गुरवाच्या पोराने देव सोडला असे पारावर बोलले तेही तेच गाव. म्हणजे मी एक नियम मोडला तो दुसरा पाळता पाळता. दुर्खिमचेही तसेच नसेल का? फ्रान्सच्या ज्यूंना १७९१ मध्ये नागरिकत्व मिळाले होते. १८७० नंतरच्या प्रजासत्ताकाने हुशार मुलांना परीक्षांच्या वाटेने वर बोलावले. रब्बीचा मुलगा त्या हाकेला गेला, एवढेच.

१९०२ मध्ये तो पॅरिसच्या सॉर्बोनमध्ये आला. त्याआधी १८९८ मध्ये, ज्यू कॅप्टन ड्रायफसवरील अन्यायाविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले होते. १९१२ मध्ये धर्माच्या मूळ रूपांवरचा ग्रंथ आला. देव न मानणाऱ्या या माणसाने त्यात धर्माची टवाळी केली नाही. लोक एकत्र जमून आपल्याच समूहाच्या शक्तीपुढे नमतात, असे तो म्हणाला. मग पहिले महायुद्ध आले. त्याचे विद्यार्थी एकामागून एक पडले. मुलगा आंद्रे १९१५ च्या डिसेंबरात आघाडीवर मरण पावला. त्याच सुमारास, १९१६ मध्ये, फ्रान्सच्या सिनेटमध्ये एका सभासदाने त्याला परक्या रक्ताचा ठरवून त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेतली. मुलगा देशासाठी गेलेला, आणि बापाला हे ऐकावे लागले. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, एकोणसाठाव्या वर्षी, तो वारला.

दिवाळीच्या सुटीत हे सारे मी आबांना सांगितले. ते बेलाची पाने निवडत होते. सिद्धांतात त्यांना गोडी नव्हती. त्याने घर टाकले का, एवढेच त्यांनी विचारले. मी म्हटले, नाही. बहिणीच्या मुलाला, त्या मार्सेलला, त्याने बोर्दोला आपल्याजवळ ठेवून शिकवले. आबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी पानांची अर्धी परडी माझ्याकडे सरकवली आणि किडकी बाजूला काढ म्हणाले.