डाळीच्या वाटीतले संशोधन

बाह्यरुग्ण विभागात अनेक मधुमेही पिशवीतून एखादी पावडर काढून दाखवतात. ती नैसर्गिक आहे, म्हणजे चालेलच, असा त्यांचा समज असतो. अशा वेळी मला डॉ. कमला सोहोनी आठवतात.

माहेरच्या कमला भागवत. विदुषी दुर्गाबाईंची बहीण. १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. मुलगी म्हणून संचालक सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर आधी वर्षभर काम पाहू, या अटीवर प्रवेश मिळाला. तिथे त्यांनी दूध आणि डाळी-कडधान्यांतील प्रथिने अभ्यासली. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या मायदेशी परतल्या.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांसह त्यांनी पुन्हा साध्या माणसाचे अन्नच तपासायला घेतले. कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात, त्यांचाही शोध घेतला. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवतींना नीरेचा लाभ होतो, असे दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मधुमेह हा काही त्यांच्या संशोधनाचा विषय नव्हता. पण तपासल्याशिवाय अन्नाचे गुण मानायचे नाहीत, ही त्यांची शिस्त मधुमेहींच्या फार उपयोगाची आहे. कुपोषित मुलाला उपकारक ठरणारी नीरा मधुमेहीच्या रक्तातील साखर झपाट्याने वाढवू शकते, कारण ती मुळातच गोड आहे. कडधान्यांचे उलट. त्यांतील तंतुमय भाग आणि प्रथिनांमुळे पिष्ट पदार्थ हळू पचतात आणि साखर सावकाश चढते.

आपल्या नाशिकच्या मिसळीचेच पाहा. मोड आलेल्या मटकीची उसळ पोटभर घ्या. पाव आणि फरसाण मात्र आवरा. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी भाताचे जेवण घेऊन पुन्हा मोजा. कोणते अन्न मानवते, हे तुमचीच वही सांगेल.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि पावडर कोणतीही असो, तिच्या भरवशावर गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका.