पदरात लेकरू, हातात पुस्तक : पंडिता रमाबाई



आपल्या पिंपळे गुरवमध्ये एकटीने मुले वाढवणाऱ्या आया काही कमी नाहीत. कोणाचा नवरा देवाघरी गेला, कोणाचा सोडून गेला. दिवसा कंपनीतली पाळी, संध्याकाळी स्वयंपाक, मग मुलांचा अभ्यास. यातल्या कितीतरी जणींचे शिक्षण लग्नामुळे अर्ध्यावर थांबलेले असते. नोकरी करत पदवी घेता यावी म्हणून नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. तेथे प्रवेश मिळतो, पुस्तके मिळतात. पण परीक्षेच्या दिवशी लेकराला कोणाकडे ठेवायचे? तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला एक भेद शिकवला जाई : एखादा हक्क असणे वेगळे आणि तो वापरण्याचे बळ असणे वेगळे. हा भेद पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या संसारातून ओळखलेली एक आई आपल्या पुण्यात होऊन गेली. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या आईने रमेला शिकवले. पुढे दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. वय तेवीस, माहेर उरलेले नाही, सासर आपले म्हणत नाही आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी!

रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. स्वतःलाही डॉक्टर व्हायचे होते. १८८३ मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांतून त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला निघाल्या. पुण्यात ओळख झालेल्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या वाँटेज येथील मठात त्यांची सोय झाली. राहण्या-जेवण्याच्या बदल्यात त्यांनी भारतात येऊ घातलेल्या सिस्टरांना मराठी शिकवायचे, असे ठरले होते. त्याच वर्षी तेथे त्यांचा आणि मनोरमेचा स्नानसंस्कार झाला. कानाने कमी ऐकू येऊ लागल्यामुळे डॉक्टरकीचा विचार मात्र सोडावा लागला. मग चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकल्या आणि संस्कृत शिकवूही लागल्या.

रमाबाई शिकत होत्या तेव्हा मनोरमेला सांभाळत कोण होते? मठातल्या सिस्टर! रमाबाईंचे चरित्र सांगताना आपण त्यांच्या बुद्धीचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्या लेकराला खाऊ घालणारे, निजवणारे दुसरे हात नसते, तर त्या बुद्धीचे पुढे काय झाले असते कोण जाणे. याची किंमतही मोजावी लागली. १८८६ मध्ये नातलग असलेल्या आनंदीबाई जोशींच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढची अडीच वर्षे तेथेच भाषणे देत फिरल्या. त्यातला बराच काळ मनोरमा आईविना इंग्लंडमध्ये होती.

अमेरिकेत त्यांनी काय केले? बालवाडीची पद्धत शिकून घेतली, पुस्तक लिहिले आणि बॉस्टनमध्ये आपल्या कामासाठी एक मंडळ उभे केले. मंडळाने दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. तेथे विधवांना केवळ फी माफ नव्हती. राहणे, जेवण, कपडे, पुस्तके सगळे सदनाचेच.

या सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी. पत्नीच्या निधनानंतर लहान मुलासह एकटे राहिलेले प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये त्यांच्याशी पुनर्विवाह केला. गोदूबाईंची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले याही विशीत विधवा झालेल्या आणि पदरात एक मुलगा. बहिणीच्या आधाराने त्या पुण्यात शिकल्या, कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर अमेरिकेला जाऊन, लोकांच्या घरी कामे करत इंग्रजी शिकल्या. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. मराठीतून शिकून पदवीधर होणाऱ्या तिथल्या स्त्रीला ‘गृहीतागमा’ म्हणत. रमाबाईंनी लावलेल्या रोपाची एक फांदी अशी पदवीपर्यंत पोहोचली.

रमाबाईंच्या वाटेत एक मोठे वादळ आले, तेही सांगितले पाहिजे. शारदा सदनात धर्माचा आग्रह होणार नाही, असे पालकांना सांगण्यात आले होते. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. १८९३ मध्ये पुण्यात गदारोळ झाला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि पंचवीसच्या आसपास मुली घरी नेण्यात आल्या. रमाबाईंनी बळजबरी केली नाही, हे मला पटते. पण ज्यांनी विश्वासाने मुलगी सोपवली त्यांची चिंता खोटी होती, असे मी म्हणणार नाही. मदत घेणारी आई आधीच वाकलेली असते. तिच्यासमोर आपला साधा कलही अटीसारखा उभा राहतो. धर्मसंस्थांमार्फत शिक्षणाचे काम करणाऱ्या आपणा सर्वांना हा प्रश्न आजही सुटलेला नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आणल्या व केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे जवळजवळ दोन हजार माणसे होती. शाळा, छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा, शेती असे सगळे. शिक्षणाबरोबर पोटाला लागणारे कामही हाताला हवे, हे दुष्काळ पाहिलेल्या बाईला कोणी सांगायची गरज नव्हती. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन वेगळे होते.

आणि मनोरमा? ती मुंबई विद्यापीठाची बी.ए. झाली आणि आईच्या कामात उजवा हात बनली, शारदा सदनाची शाळा तिने सांभाळली. जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी ती वारली. नऊ महिन्यांच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईही गेल्या. केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर आहे आणि तेथे मुक्ती मिशनचे काम अजून चालू आहे.