खाशाबांचा गुडघा आणि मालीश

फुटबॉल किंवा कबड्डी खेळणाऱ्या मुलांचे पालक दिग्रसला माझ्याकडे एक प्रश्न हमखास घेऊन येतात: डॉक्टर, गुडघ्याला मालीश करून देऊ का? त्याचे उत्तर देताना मला खाशाबा जाधव आठवतात. त्यांचे पदक तुम्हाला माहीत असेलच, त्यांचा गुडघा मात्र कदाचित माहीत नसेल.

खाशाबांचा जन्म १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वर गावातला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळे लाल माती, जोर-बैठका आणि मालीश घरातूनच आले. आपल्याकडे आखाड्यातली मालीश हा व्यायामाचाच भाग असतो. आज ज्याला मायोफेशियल रिलीज म्हणतात, तेही याच्याच जवळचे. स्नायूंभोवती फॅशिया नावाचे पातळ, चिवट आवरण असते. तळहाताने, कोपराने किंवा फोम रोलरने त्यावर सावकाश, स्थिर दाब देतात. त्याने आखडलेपणा कमी वाटतो, सांधा थोडा वेळ जास्त वळतो, खेळानंतरचे अंग दुखणेही जरा हलके होते. मात्र रोलर फिरवल्याने धावण्याचा वेग किंवा उडी फारशी वाढत नाही. जाहिरातीत काहीही सांगोत.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले. सवय मातीची, आणि तिथे समोर मॅट. तरीही ते सहावे आले. इथे तुम्ही एक गोष्ट लक्षात घ्या. मातीत पाय थोडा सरकतो, मॅटवर तो धरून राहतो. पाय जागीच अडकला आणि वरचे शरीर वळले, तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो. फुटबॉलच्या खिळ्यांच्या बुटातही हेच घडते.

१९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. गावानेही वर्गणी काढली. तिथे जपानच्या इशीशी कुस्ती झाल्यावर लगेचच त्यांना सोव्हिएत मल्लापुढे उभे केले गेले, असे सांगतात. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मागायला त्यांच्या बाजूने कोणी अधिकारी हजर नव्हता. दमलेल्या स्नायूला अशा वेळी वेळच लागतो. कितीही चांगला मालीशवाला असला तरी त्या अर्ध्या तासाची भरपाई होत नाही. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. स्वागताला शंभरावर बैलगाड्या निघाल्या होत्या.

१९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. पुढचे लक्ष्य होते १९५६ चे मेलबर्न. पण गुडघा दुखावला आणि तिसरे ऑलिंपिक हुकले. तेव्हा एमआरआय नव्हता, दुर्बिणीतून गुडघ्याचे ऑपरेशनही आपल्याकडे होत नव्हते. शेक, तेल आणि आराम, एवढेच हाताशी होते.

तुमच्या घरी आज याहून बरेच काही आहे, म्हणून सांगतो. मांडी किंवा पोटरी नुसती आखडली असेल, तर मालीश किंवा रोलर जरूर वापरा, दुखणे सहन होईल इतक्याच दाबाने. पण गुडघा वळताना आतून काही तुटल्यासारखा आवाज आला, काही तासांत सूज चढली, पाय टेकवेना किंवा गुडघा मध्येच अडकतो किंवा दगा देतो, तर त्याला तेल लावून चोळू नका. बर्फ कापडात गुंडाळून ठेवा, पाय उंच ठेवा आणि दाखवायला घेऊन या. लिगामेंट किंवा गादी फाटली असेल तर ती चोळून जुळत नाही. नुसती पोटरीच एका बाजूने सुजून गरम झाली असेल, तर आत रक्ताची गाठ असू शकते. तिथे तर हातही लावू नये.

गुडघ्यानंतरही खाशाबांनी पोलीस दलात अनेक वर्षे नोकरी केली, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १९८४ मध्ये रस्ता अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांवेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले.