मुक्या चित्राचे धनी : कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूरच्या मेस्त्री घराण्यात ३ जून १८९० रोजी जन्मलेले बाबूराव, नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविता रंगविता ‘पेंटर’ झाले. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह चित्रपट काढावयाचा त्यांनी ध्यास घेतला होता. १९१६ साली आनंदराव निवर्तले, पण ध्यास सुटला नाही. शिष्यांना हाताशी धरून बाबूरावांनी कॅमेराच घडविला आणि त्यावर टिपलेली ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आली.

पुढे देवादिकांच्या चित्रांची चलती असताना १९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरि आपटे यांची. कर्जापायी जमीन गमावलेला शेतकरी शहरात येऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. त्यातील एक दृश्य अजून सांगितले जाते : अंधारलेली झोपडी आणि बाहेर विव्हळणारे कुत्रे. ते विव्हळणे प्रेक्षकाने आपल्या मनातच ऐकावयाचे! अशा चित्राला भाषेचा उंबरठा नव्हता. पाट्या बदलल्या की ते आम्हां जबलपूरकरांच्या हिंदी शेजाऱ्यांनाही तितकेच कळावे.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आदी शिष्यांनी वेगळे होऊन ‘प्रभात’ स्थापिली. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ बोलू लागली आणि मूकपटाचे दिवस भरले. बाबूरावांची महाराष्ट्र फिल्म कंपनीही मिटली. नव्या विद्येकडे त्यांनी पाठ फिरविली असे मात्र नव्हे. शालिनी सिनेटोनसाठी १९३५ साली ‘उषा’ आणि १९३६ साली तोच ‘सावकारी पाश’ त्यांनी बोलका करून दाखविला. मूकपटाचा लौकिक बोलपटाला लाभला नाही. आमच्या मते दोष त्यांच्या हाताचा नव्हता. जे दुःख छायाप्रकाशाने सांगून झाले होते, त्याला संवादांची गरज उरली नव्हती. योगायोग असा की, त्याच १९३६ साली दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. कर्जखते इंद्रायणीत बुडविणाऱ्या तुकोबांचे चरित्र शिष्यांनी बोलते करावे आणि सावकाराच्या फासाची कथा गुरूच्या हाती अबोल राहावी!

रंग, कुंचला आणि शिल्पाची माती यांची संगत त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी ते कालवश झाले. १९२५ च्या मूक ‘सावकारी पाशा’ची प्रत आज उपलब्ध नाही.