पेठ, तालीम आणि पब्लिक : राजर्षी शाहू

मी कॉन्व्हेंटवाला. शाहू महाराज म्हणजे माझ्यासाठी इतिहासाच्या पुस्तकातला एक पॅरेग्राफ होता, मार्कांपुरता. आमच्या पनवेलच्या हॉस्टेलवर कोल्हापूरचा रूममेट भेटला आणि तो पॅरेग्राफ जिवंत झाला. विषय निघाला फुटबॉलवरून. कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम मॅच असली की शाहू स्टेडियम भरून जातं म्हणे. मी विचारलं, फुटबॉल टीमचं नाव तालीम कसं काय? उत्तर शोधता शोधता मी महाराजांपर्यंत पोचलो.

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात यशवंतरावांचा जन्म झाला. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि शाहू झाले. राजकोट आणि धारवाडला शिक्षण झालं. २ एप्रिल १८९४ ला कारभार हाती आला तेव्हा वय होतं अवघं १९, म्हणजे आपल्या सेकंड इयरचं!

अंगानं धिप्पाड, स्वतः पैलवान. त्यांचा खेळ फुटबॉल नव्हे, कुस्ती. त्यांनी पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं, पंजाबातून मल्ल आणले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले तेव्हा रोमचं कलोसियम पाहिलं. पुढे १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मधोमध लाल मातीचा हौदा आणि भोवती गोलाकार चढत जाणारी बैठक. इंजिनिअरच्या नजरेनं बघा, शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पुढच्याचं डोकं आड येत नाही. ज्याला नीट दिसतं, तो परत येतो.

पण नुसत्या मैदानानं पब्लिक जमत नाही. लढणारा आपल्या तालमीचा असेल तर अख्खी गल्ली त्याच्या मागे जाते. पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार. हौद्यातली ईर्षा मैदानात आली. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांची चुरस तर आजही आहे. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूर जिल्ह्याचा.

आता आपल्याकडे बघा. हार्बर लाईनवर नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. २०१४ आणि २०१५ मध्ये मुंबई सिटी एफसी तिथे खेळली, २०१६ ला अंधेरीला गेली. टीम हलवता येते, पेठ हलवता येत नाही.

महाराजांनी हेच इतरत्रही केलं. १९०२ मध्ये मागासवर्गीयांना नोकऱ्यांत ५० टक्के जागा, १९१७ मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, राधानगरीचं धरण, आणि जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं. म्हणजे आपल्यासारखी हॉस्टेलंच! जे आजवर बाहेर उभे होते त्यांना आत जागा मिळाली. ६ मे १९२२ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय फक्त ४७.

आपल्या ग्राउंडवर इंटर-हॉस्टेल फायनल असते तेव्हा बघायला पंधरा जण असतात, त्यातले चार सब्स्टिट्यूट. बॅनर लावून, नाश्ता ठेवून झालं. यंदा प्रत्येक विंगची टीम काढूया का? आपला माणूस खेळत असेल तर पब्लिक खोलीत बसणार नाही. बघा पटतंय का!