लिंबाच्या रसातील स्फटिक

कार्ल शेले याचा जन्म १७४२ साली जर्मनीतील श्ट्रालझुंड येथे झाला. १७५७ साली तो स्वीडनमध्ये एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारीस राहिला. दिवसा औषधे करावीत व रात्री पदार्थांची परीक्षा करावी, हा त्याचा नित्यक्रम. लिंबाचा रस नुसता आटवून त्यातील आम्लाचे स्फटिक मिळेनात. तेव्हा त्याने रसात खडू मिसळला, तळाशी बसलेल्या साक्यावर गंधकाम्ल ओतले आणि द्राव आटवला. १७८४ साली सायट्रिक आम्लाचे स्फटिक हाती आले! विषारी पदार्थही तो चाखून पाही. हे धाडस अनुकरणीय खासच नव्हते. १७८६ साली, अवघ्या ४३ व्या वर्षी, तो वारला. पुढे दीडशे वर्षांनी, १९३७ साली, हान्स क्रेब्ज याने दाखवले की, अन्नातून शक्ती मिळवताना जिवंत पेशी हेच आम्ल घडवतात आणि मोडतात.