स्वामीजींची शाळा

नांदेड शहराजवळ, गोदावरीच्या परिसरात विष्णुपुरी हे गाव आहे. १९९४ साली स्थापन झालेले मराठवाड्यातील एक विद्यापीठ तेथे उभे आहे. त्याला नाव आहे ते राजाचे नव्हे, धनिकाचेही नव्हे; भगवी वस्त्रे परिधान करणाऱ्या एका शिक्षकाचे. त्या शिक्षकाचे नाव स्वामी रामानंद तीर्थ.

स्वामीजींचे मूळचे नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी, आज कर्नाटकात असलेल्या सिंदगी या गावी त्यांचा जन्म झाला. सोलापुरास शिकत असता, १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांच्या निधनाची वार्ता आली. व्यंकटेशाचे वय तेव्हा सोळा वर्षांचे. आजन्म ब्रह्मचारी राहून देशाची सेवा करण्याची प्रतिज्ञा त्याने केली. असहकाराच्या चळवळीत त्याने सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवली, आणि टिळक विद्यापीठातून पुढील शिक्षण पूर्ण केले. काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम केल्यावर, १९२९ च्या सुमारास ते हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले.

हिप्परगा हे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील लहानसे गाव. त्या वेळी मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते. परवानगीवाचून सभा भरविण्यासही तेथे बंदी होती. अशा राज्यात स्वतंत्र वृत्तीची शाळा चालविणे म्हणजे वाऱ्यात दिवा जपण्यासारखेच होते.

मुलांना वळण लावण्याची साधने सरकारी शाळेजवळ पुष्कळ होती. सरकारमान्य परीक्षा होती, प्रमाणपत्र होते, पुढे मिळणाऱ्या नोकरीचे आमिष होते. राष्ट्रीय शाळेजवळ यांतले काहीच नव्हते. मग उरली ती छडी! परंतु छडीच्या धाकाने गप्प बसलेला मुलगा गुरुजींची पाठ वळताच पुन्हा दंगा करू लागतो. शिवाय ज्या मुलांनी उद्या अन्यायी सत्तेपुढे ताठ मानेने उभे राहावयाचे, त्यांना वर्गात भिऊन वागण्याची सवय लावणे कितपत योग्य?

राष्ट्रीय शाळेने या प्रश्नाचे उत्तर सहवासात शोधले. तेथे गुरू आणि शिष्य एकत्र राहत. प्रार्थना, व्यायाम, सूतकताई आणि अंगमेहनत हा शिक्षणाचाच भाग होता. मुलांबरोबर अहोरात्र राहणाऱ्या शिक्षकाला आपले वागणे लपविता येत नाही. मुलांनी पहाटे उठावे असे वाटत असेल, तर त्याला आधी उठावे लागते. नियम मुलांसाठी एक आणि गुरुजींसाठी दुसरा, असे तेथे चालत नाही. अशा शाळेतील शिस्त ही आज्ञेपेक्षा उदाहरणावर उभी असते. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यास घेतला, आणि व्यंकटेश खेडगीकर हे स्वामी रामानंद तीर्थ झाले.

१९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. तीन वर्षांनी शिक्षकाचा हा पेशा सोडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला. १९३८ साली निजाम सरकारने स्टेट काँग्रेसवर बंदी घातली. ती बंदी मोडून स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी औरंगाबाद व हैदराबाद येथील वसतिगृहांतील विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' हे गीत म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थी बधले नाहीत. अनेकांना शिक्षणसंस्था सोडाव्या लागल्या. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना आपली दारे उघडी केली.

येथे कोणी विचारील, की नियम मोडणारे हे शिक्षक आणि विद्यार्थी बेशिस्त नव्हेत काय? नीट विचार केला म्हणजे यातील भेद कळतो. खोडकर मुलगा आपल्या मौजेसाठी लपून नियम मोडतो, आणि शिक्षेची वेळ येताच नाना सबबी सांगतो. सत्याग्रही सर्वांच्या हितासाठी, उघडपणे अन्यायी कायदा मोडतो, आणि त्याची शिक्षा शांतपणे सोसतो. हात न उगारता मार सोसण्यासाठी मनावर केवढा ताबा हवा! ती शिस्त पहारेकऱ्याच्या भीतीने येत नाही. ती ज्याची त्यालाच अंगी बाणवावी लागते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. पण निजामाचे राज्य भारतात सामील झाले नाही. त्या दिवशी हैदराबादेत राष्ट्रध्वज फडकविल्याबद्दल स्वामीजींना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. पुढे ते लोकसभेचे सदस्य झाले; परंतु शिक्षणाची ओढ कायम राहिली. १९५० साली नांदेड येथे पीपल्स कॉलेज सुरू झाले, त्यामागेही त्यांची प्रेरणा होती. २२ जानेवारी १९७२ रोजी त्यांचे निधन झाले.

गुरुजी वर्गाबाहेर गेल्यावर वर्ग कसा वागतो, यावरून त्या वर्गाची खरी परीक्षा होते. स्वामीजी शाळा सोडून तुरुंगात गेले, त्याच वर्षी मराठवाड्यातील तरुण त्या परीक्षेस बसले, आणि उत्तीर्ण झाले.